शिफारस केलेलं ऑइल

"मी परत येईपर्यंत गाडीला कुणीही हात लावायचा नाही. हलवायची नाही, पुसायची नाही, आणि सुरू तर करायचीच नाही," बॅगेची चेन ओढता ओढता बायकोने पुन्हा एकदा बजावलं. "आले की लगेच सर्व्हिस सेंटरला न्यायचीय. तोवर आहे तशी राहू दे. वॉरंटीचा प्रश्न आहे."

"अगं, मी कशाला हात लावतोय? मला ती चालवता तरी येते का?" पर्यायराव म्हणाले.

पर्यायराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कोपऱ्यावर त्यांचं औषधांचं दुकान होतं. डॉक्टरांनी लिहिलेली गोळी दुकानात नसली, की ते डॉक्टरांना फोन लावून विचारत आणि तेवढ्याच गुणाची दुसरी गोळी काढून काउंटरवर ठेवत. "कंपनी वेगळी, औषध तेच. घटक बघा, मात्रा बघा आणि बिनधास्त घ्या!" हे वाक्य त्यांच्या तोंडी इतकं बसलं होतं, की गिऱ्हाइकांनी त्यांचं नावच पर्यायराव पाडून टाकलं. पुढे पुढे घरी येणारा पोस्टमनसुद्धा त्याच नावाने हाक मारू लागला.

मोटरसायकल होती बायकोची. ती घरोघर जाऊन लोकांना व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट. कुणाचा खांदा अडकलेला, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, कुणी पलंगावरून उठायला शिकतंय. सगळी माणसं गावाच्या चार टोकांना, आणि प्रत्येकजण घड्याळाकडे डोळे लावून बसलेला. गाडी बंद पडली तर तिचं सगळं कामच ठप्प होणार. म्हणून जुनी खटारा गाडी काढून तिने मोठ्या हौसेने नवी घेतली. पण थोड्याच दिवसांपूर्वी या नव्या गाडीला भलतीच खोड लागली. अ‍ॅक्सिलरेटर पिळला की इंजिन नुसतं भोकाड पसरायचं, आणि गाडी मात्र रमतगमत चालायची. चढावर तर शेजारून पायी जाणारी माणसं पुढे निघून जात. सर्व्हिस सेंटरवाले फोनवर म्हणाले, "क्लचचा प्रॉब्लेम दिसतोय. घेऊन या. वॉरंटीत बसत असेल तर करून देऊ." त्या 'बसत असेल तर'ने बायकोची झोप उडवली होती. त्यात हे दुसऱ्या शहरातलं प्रशिक्षण आलं. न जाऊन चालणार नव्हतं. ती गेली, पण फाटकातून बाहेर पडेपर्यंत मागे वळून वळून नवऱ्याकडे नव्हे, गाडीकडे बघत होती.

ती दिसेनाशी झाली आणि पर्यायरावांच्या आई फडकं घेऊन ओसरीवर आल्या.

"घे, पूस ती गाडी. काय कळा आलीय तिला!"

"आई, ती पुसू नका म्हणालीय."

"ती म्हणणारच. आपण समजून घ्यायचं असतं."

"यात समजून काय घ्यायचं? सरळ मराठीत सांगून गेलीय ती."

"दमूनभागून पोर परत येईल आणि दारात ही धूळ बघेल. पुसण्याने काय वॉरंटी जाते? फडकं आहे, हातोडा नव्हे."

आईंशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नव्हतं. पर्यायराव उकिडवे बसले आणि हळूहळू, पेशंटची जखम पुसावी तशी गाडी पुसू लागले. पुसता पुसता इंजिनाच्या उजव्या अंगाला त्यांना एक छोटीशी गोल काच दिसली. काचेवर खालीवर दोन रेघा होत्या. काचेच्या आत काहीच नव्हतं.

त्यांनी सीटखालून माहितीपुस्तिका काढली. औषधाच्या खोक्यातला कागद वाचल्याशिवाय गोळी घेऊ नका, असं जगाला सांगणारा हा माणूस. त्यांनी चष्मा लावला आणि पान काढलं. 'इंजिन ऑइलची पातळी दोन रेघांच्या मध्ये असावी. ऑइल कमी असताना गाडी चालवल्यास इंजिनाची हानी होऊ शकते व अशी हानी वॉरंटीत समाविष्ट नाही.'

पर्यायरावांनी पुन्हा एकदा काचेत डोकावलं.

"आई, गाडीत ऑइलचा थेंब नाही!"

"मग घाल की."

"घाल की काय? अहो, हिने बिनऑइलची गाडी चालवलीय! म्हणूनच ती ओरडतेय. सर्व्हिस सेंटरवाले पहिल्यांदा ही काच बघणार आणि सांगणार, बाई, ही तुमचीच चूक, वॉरंटी विसरा. मग हिने करायचं काय?"

आई म्हणाल्या, "तिला फोन करून सांग."

"आणि काय सांगू? हात लावू नको म्हणालीस तरी लावला म्हणून?"

तेव्हा फोन करायचा नाही असं दोघांनी मिळून ठरवलं. बायको येण्याआधी गुपचूप ऑइल भरून ठेवायचं, आणि तेही असं की वॉरंटीला धक्का लागता कामा नये. पुस्तिकेत ऑइलची ग्रेड लिहिलेली होती, दहा-डब्ल्यू-तीस. शिवाय डब्यावर एमए ही अक्षरं असलीच पाहिजेत, अशी ताकीद होती.

"एमए?" आई म्हणाल्या. "ऑइलसुद्धा शिकलेलं लागतं?"

आपल्या दुकानाच्या दारावर 'लवकरच परत येतो' अशी पाटी अडकवून पर्यायराव स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. तिथला पार्टवाला त्यांचं रोजचं गिऱ्हाईक. त्याला प्रकृतीची भारी काळजी, आणि दुसऱ्यांच्या गाड्यांची त्याहून जास्त.

"या या, पर्यायराव! तुमचे पाय आमच्या दुकानाला लागले. काय देऊ?"

पर्यायरावांनी कागदाची चिठ्ठी पुढे केली. पार्टवाल्याने ती लांब धरून वाचली, फळीवर नजर फिरवली आणि एक डबा काढून काउंटरवर ठेवला.

"हे घ्या."

पर्यायरावांनी डबा फिरवून फिरवून बघितला. "पण हे त्या गाडीच्या कंपनीचं नाही."

"ते संपलंय. हे घेऊन जा. कंपनी वेगळी, ऑइल तेच."

"असं कसं म्हणता? पुस्तिकेत शिफारस केलेलं हवं. वॉरंटीचा प्रश्न आहे!"

"अहो, ग्रेड बघा. दहा-डब्ल्यू-तीस. एमए बघा. आहे ना? मग बिनधास्त घ्या!"

पर्यायरावांना कुठेतरी काहीतरी टोचलं. पार्टवाला काउंटरवर कोपरं टेकून पुढे वाकला.

"मागच्या महिन्यात माझी ब्लडप्रेशरची गोळी तुमच्याकडे नव्हती. तुम्ही दुसरी दिलीत. मी विचारलं, हिने चक्कर येणार नाही ना? तर तुम्ही हसलात. हसलात की नाही?"

"हसलो असेन..."

"मी रात्रभर जागा होतो! दर तासाला उठून चक्कर येते का बघत होतो. आता तुम्ही जागा."

"पण तो डब्ल्यू म्हणजे काय?" पर्यायरावांनी विषय बदलला.

"डब्ल्यू म्हणजे विंटर. थंडीत ऑइल किती पातळ राहतं, ते दहा."

"आणि थंडी नसेल तर?"

"तर तीस. पर्यायराव, तुम्ही गोळी विकताना एवढे प्रश्न विचारू देता का हो गिऱ्हाइकाला?"

पर्यायराव डबा न घेताच बाहेर पडले आणि दुकानात येऊन त्यांनी गाडीच्या कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. बराच वेळ वाजंत्री ऐकल्यावर एका मुलीचा गोड आवाज आला.

"माझ्या एका मित्राची मोटरसायकल आहे," पर्यायरावांनी सुरुवात केली. "त्याला विचारायचंय, की दुसऱ्या कंपनीचं ऑइल घातलं तर वॉरंटी जाते का?"

"सर, शिफारस केलेलं ऑइल वापरावं."

"तेच, पण शिफारस केलेलं म्हणजे तुमच्या कंपनीचंच, की त्या ग्रेडचं कुठलंही?"

"सर, शिफारस केलेलं."

"बरं, ग्रेड तीच, एमए तेच, पण डब्यावरचं नाव वेगळं. मग वॉरंटी जाईल?"

"शिफारस केलेलं घातलं तर जाणार नाही, सर."

"अहो, पण ते शिफारस केलेलं आहे की नाही, हेच तर विचारतोय!"

"सर, तुमच्या मित्राच्या गाडीचा नंबर सांगता का? मी नोंद करून घेते."

पर्यायरावांनी चटका बसल्यासारखा फोन ठेवला. आता आपला आवाज तिथे साठवून ठेवलेला असणार आणि सर्व्हिस सेंटरवाले तो सगळ्यांसमोर ऐकवणार, या विचाराने त्यांना घाम फुटला. तेवढ्यात खोकल्याचं औषध मागायला एक आजीबाई आल्या, तर त्यांना ते "कुठल्या ग्रेडचं?" असं विचारून बसले.

शेवटी त्यांनी पुस्तिका पुन्हा उघडली आणि बारीक अक्षरातली ती ओळ शोधून काढली. 'खालील दर्जाचे किंवा समकक्ष ऑइल वापरावे.' समकक्ष! पर्यायरावांचा जीव भांड्यात पडला. समकक्ष या एका शब्दावर तर त्यांचा सगळा धंदा उभा होता. धावतपळत जाऊन त्यांनी तो डबा आणला. पक्कं बिल घेतलं, बिलावर ग्रेड लिहून घेतली, एमए लिहून घेतलं. "आता माझी सही करू का अंगठा देऊ?" असं पार्टवाला म्हणाला, तेव्हा कुठे ते थांबले.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत शस्त्रक्रिया सुरू झाली. आईंनी नरसाळं धरलं. पर्यायरावांनी इंजिनाचं झाकण फिरवून काढलं आणि मापाच्या पेल्याने थोडं थोडं ऑइल घालत काचेकडे बघायला लागले. काच रिकामीच. आणखी घातलं. रिकामीच. गाडी आपली साइड स्टँडवर आरामात कलून उभी होती. बरंच ऑइल पोटात गेल्यावर कुठे काचेच्या तळाशी सोनेरी कड दिसली, आणि मग दोन रेघांच्या मध्ये पातळी येऊन थांबली.

"झालं!" पर्यायराव म्हणाले आणि समाधानाने पुस्तिकेचं पान उलटलं.

पुढच्या पानावर पहिलंच वाक्य होतं, 'पातळी पाहताना गाडी साइड स्टँडवर नसावी, सरळ उभी धरावी.'

"आई, मी गाडी सरळ धरतो. तुम्ही काचेत बघा." त्यांनी हँडल धरून गाडी उभी केली. "दिसतंय का ऑइल?"

"दिसतंय की."

"वरच्या रेघेच्या खाली आहे ना?"

"रेघ कुठाय? मला तर रेघच दिसेना. सगळं तेलच तेल."

म्हणजे गाडीत ऑइल मुळातच होतं! कमी नव्हतंच काही, नुसती गाडी कललेली होती. आणि आता ते नको तेवढं झालं होतं. पुस्तिकेने तेही सांगून ठेवलं होतं, की जास्त ऑइल इंजिनाला तितकंच वाईट. पर्यायरावांनी कपाळाला हात लावला, आणि हाताचं ऑइल कपाळाला लागलं.

पण माणूस औषधवाला. मात्रा जास्त झाली म्हणून हातपाय गाळून कसं चालेल? त्यांनी दुकानातून सगळ्यात मोठी सिरिंज आणि सलाइनची नळी आणली. नळी झाकणाच्या भोकातून आत सोडली आणि गाडीचं रक्त तपासायला घ्यावं तसं ऑइल ओढायला सुरुवात केली. पहिल्या सिरिंजमध्ये जे आलं, ते बघून त्यांचा हात थबकला. खालचं जुनं काळं आणि वरचं नवं सोनेरी, दोन्ही एकमेकांत मिसळून मातकट रंग झाला होता.

"आई, ही दोन वेगवेगळी औषधं एकत्र झालीत."

"मग?"

"मग काय! दोन औषधं एकत्र घ्यायची नाहीत, हे मी दिवसभर लोकांना ओरडून सांगत असतो. एकाची दुसऱ्यावर काय प्रतिक्रिया होईल सांगता येत नाही. सगळं काढायला पाहिजे. पोट साफ करून मग नव्याने एकच ऑइल द्यायचं."

पार्टवाल्याकडे पुन्हा जाणं आलं. आणखी ऑइल, एक पाना आणि ऑइल सोडायच्या तळाच्या नटाला लागणारा नवा वॉशर.

"सकाळी तर थोडंसंच हवं होतं ना?" पार्टवाल्याने विचारलं.

"मात्रा वाढवावी लागली," पर्यायराव त्याच्याकडे न बघता म्हणाले. आणि जाता जाता त्याच्या हातावर पित्ताची गोळी ठेवून, "कुणाला बोलू नका," अशी गळ घातली.

पुस्तिका समोर उघडी, या वेळी पुढचं पानसुद्धा वाचलेलं. इंजिनाखाली आईंचा कपडे भिजवायचा टब. पर्यायराव अंगणातल्या धुळीत आडवे झाले आणि त्यांनी तळाचा नट फिरवला. काळंभोर ऑइल भळाभळा टबात पडलं. जुना वॉशर काढून नवा बसवला, नट घट्ट केला, मोजून नवं ऑइल भरलं, गाडी सरळ धरली. आई काचेला डोळा लावून म्हणाल्या, "दोन रेघांच्या बरोब्बर मध्ये! अगदी भांगासारखं!" पर्यायराव हात पुसायला वाकले, आणि त्यांना ते दिसलं.

त्या नटावर आणि त्याच्या शेजारी इंजिनावर मिळून तांबड्या रंगाची एक बारीक रेघ ओढलेली होती. कारखान्यात नट घट्ट केला की तशी खूण करतात. नट उघडला की रेघ तुटते. आता नटावरची अर्धी रेघ एका दिशेला आणि इंजिनावरची अर्धी भलत्याच दिशेला तोंड करून उभी होती.

"आता बघितल्याबरोबर कळणार, की नट उघडलाय," पर्यायराव खाली फतकल मारून बसले. "आई, गेली वॉरंटी. हिच्या हौसेची गाडी, हिचं काम... आणि कुणी घालवली? मी. काही झालेलं नसताना!" त्यांचे डोळे खरोखर भरून आले.

आईंना लेकाची दया आली. त्या आत गेल्या आणि सुनेच्या कपाटातून तांबडं नेलपॉलिश घेऊन आल्या. पर्यायरावांनी नटावरची जुनी रेघ स्पिरिटने पुसली, नवी ओढली. लांबून बघितली तर हुबेहूब. जवळून बघितली तर जरा चकाकत होती. त्यावर धूळ उडवली, तेव्हा बरी दिसली.

बायको आली त्या संध्याकाळी पर्यायराव ओसरीवर पेपर उलटा धरून बसले होते. ती फाटक ढकलून आत आली आणि थबकली.

"फाटक आज कुरकुरलं नाही?"

पर्यायरावांनी आईंकडे बघितलं. आई नजर चुकवून दोरीवरचे कपडे काढायला लागल्या. टबातलं ते काळं ऑइल टाकून कसं द्यायचं म्हणून त्यांनी फाटकाच्या बिजागऱ्यांना चोपडलं होतं.

"आणि हे काय काळं लागलं हाताला?"

"तेल घातलंय," आई म्हणाल्या.

"कसलं तेल?"

"फाटकाचं."

एरवी बायकोने एवढ्यावर सोडलं नसतं. पण आज तिने काही विचारलं नाही. ती गाडीजवळ गेली, तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि सुस्कारा टाकून आत निघून गेली. जेवतानाही गप्पच. हिला कळलंय, असं पर्यायरावांना वाटलं. आता कधी फुटते एवढंच बघायचं.

सकाळी दोघं सर्व्हिस सेंटरला निघाली. पर्यायराव नेहमीसारखे मागच्या सीटवर बसले. चढ आला. बायकोने अ‍ॅक्सिलरेटर पिळला आणि गाडी अशी सुसाट उधळली, की पर्यायरावांचा चष्मा नाकावरून सरकला.

"गाडी बरी झालीय," बायको पुढून म्हणाली. तिच्या आवाजात आनंद नव्हता, चक्क धास्ती होती.

"हो? आपोआप होतात काही गोष्टी," मागून पर्यायराव म्हणाले.

बायकोने मान वळवून बघितलं आणि पुन्हा पुढे बघायला लागली.

सर्व्हिस सेंटरचा सुपरवायझर जाड मिशांचा, शांत माणूस होता. त्याने गाडी उंच फळीवर चढवली. काचेत बघितलं, झाकण उघडून ऑइलचा थेंब बोटावर घेतला, बोटं एकमेकांवर घासली. मग तो वाकला, तळाच्या नटाकडे बघितलं, नखाने ती तांबडी रेघ खरवडली आणि नखाचा वास घेतला.

"हे आमच्या कंपनीचं मार्किंग नाही. हे नेलपॉलिश आहे."

सगळ्यांनी बायकोच्या नखांकडे बघितलं. नखं स्वच्छ होती, पण चेहरा पांढराफटक पडला होता.

सुपरवायझर सरळ उभा राहिला. "एक विचारू? या गाडीचं ऑइल कुणी बदललं?"

आता हिच्यावर येऊ द्यायचं नाही, काय व्हायचं ते माझं होऊ दे, असं मनाशी म्हणत पर्यायराव पुढे झाले.

"मी!"

"मी!"

दुसरा 'मी' बायकोचा होता. दोघांनी दचकून एकमेकांकडे बघितलं.

"दोघांनी मिळून?" सुपरवायझरने विचारलं.

"तुम्ही काय बदललंत?" बायकोने नवऱ्याला विचारलं.

"ऑइल. तू काय बदललंस?"

"मी बदललं नाही, मी घातलं," ती म्हणाली. "काचेत दिसेना म्हणून. स्टँडवर होती गाडी... मला काय माहीत सरळ धरायची असते ते! दादाच्या कारचं थोडं ऑइल उरलेलं होतं, ते आणून ओतलं, तरी काचेत काही येईना. तेव्हापासूनच ती ओरडायला लागली. आणि मग जायच्या आदल्या दिवशी माझा एक पेशंट म्हणाला, कारचं ऑइल मोटरसायकलला घातलं की क्लच घसरतो, आणि सर्व्हिसवाल्यांना कळलं तर वॉरंटी हातची जाते. तोवर सर्व्हिस सेंटरची वेळ घेऊन झाली होती. घरात सांगायची सोय नाही."

"का नाही? मला सांगायचंस!"

"तुम्हाला? आपल्या मनाने औषध घेतलं म्हणून गिऱ्हाइकांना तासभर झापणाऱ्या माणसाला? म्हणून तर म्हटलं, हात लावू नका, बघू नका, पुसू नका!"

पर्यायरावांनी खिशातून बिल काढून सुपरवायझरच्या हातात दिलं आणि सगळं सांगून टाकलं. काच, नरसाळं, सिरिंज, टब, नेलपॉलिश, सगळं. सिरिंजपर्यंत आल्यावर सुपरवायझरची मिशी हलायला लागली होती. टबापर्यंत येता येता त्याला तोंड फिरवावं लागलं.

त्याने बिल वाचलं. "दहा-डब्ल्यू-तीस. एमए, म्हणजे मोटरसायकलच्या क्लचला चालणारं. बरोबर आहे. कंपनी कुठलीही असू दे, हा दर्जा असला की आम्हाला चालतं."

"आणि वॉरंटी?" दोघांनी एकदम विचारलं.

सुपरवायझरने गाडी खाली घेतली, आवारात एक फेरी मारली, परत येऊन क्लचची बाजू उघडून बघितली, पुन्हा बंद केली. तोवर ती दोघं एकाच बाकावर, निकालाची वाट बघणाऱ्या पोरांसारखी बसून होती.

"प्लेटा चांगल्या आहेत," तो हात पुसत म्हणाला. "थोडक्यात वाचलात. मॅडमचं ऑइल आणखी काही दिवस राहिलं असतं, तर प्लेटा जळाल्या असत्या आणि मला तसं लिहावं लागलं असतं. पण मी गाडीत जे आहे ते लिहितो. गाडीत जे नाही, ते कशाला लिहू? गाडीत योग्य ऑइल आहे आणि क्लच ठीक आहे. वॉरंटी जशी होती तशी आहे. फक्त यापुढे..."

"नाही, नाही! यापुढे झाकणाला बोटसुद्धा लावणार नाही!" पर्यायराव म्हणाले.

"ते तर झालंच. पण यापुढे घरात एकमेकांना विचारत चला, एवढंच म्हणत होतो." त्याने नटावर खराखुरा तांबडा रंग लावला आणि गाडी बाहेर आणून दिली.

सर्व्हिस सेंटरच्या फाटकाबाहेर येऊन थोडं अंतर गेल्यावर बायकोने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, बंद केली आणि हँडलवर डोकं टेकलं. तिचे खांदे हलत होते. पर्यायराव घाबरून खाली उतरले.

"अगं, रडतेस काय? झालं ना सगळं चांगलं?"

तिने डोकं वर केलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती हसत होती, पोट धरधरून हसत होती. "तुम्ही... सिरिंजने... सलाइनच्या नळीने!" तिला पुढे बोलता येईना. मग पर्यायरावांनाही आवरेना. येणारेजाणारे वळून बघत होते, आणि ही दोघं भररस्त्यात एकमेकांचे हात धरून हसत उभी होती. कितीतरी दिवसांनी पर्यायरावांच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं, आणि तिच्याही.

"काय जीव खाल्ला हो या गाडीने माझा!" डोळे पुसत ती म्हणाली. "ते एवढं प्रशिक्षण झालं, पण एक अक्षर कानात शिरलं असेल तर शपथ. समोर बाई बोलतायत, आणि माझ्या डोळ्यांपुढे नुसता तो ऑइलचा डबा."

"पण प्रशिक्षण कशाचं होतं?"

"पेशंटनी कुणाला न विचारता आपलं आपण घरगुती उपाय करू नयेत, हे त्यांना कसं पटवायचं."

पर्यायराव हळूच म्हणाले, "मग? कसं पटवायचं?"

"तेच तर ऐकलं नाही ना मी!" असं म्हणून तिने किल्ली फिरवली, आणि दोघं हसत हसत घराकडे निघाली.